गावच्या निवडणुकीची तारीख गावाला बदलू द्यावी का?

बालाघाटचा | २३ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज मांडतोय.

१८ डिसेंबर २०२२ ला राज्यातल्या सात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान झालं, त्यात बीडकडचं आमचंही गाव होतं. मी एका पॅनेलचा पोलिंग एजंट म्हणून बूथवर बसलो होतो. सकाळी साडेसातला यादी उघडली आणि पहिल्या तासातच कळलं, की वस्तीवरच्या नावांची पानंच्या पानं कोरी राहणार. माणसं होती कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात. आमच्याकडे दसरा-दिवाळी उरकली की बैलं, बायको, लेकरं, सगळं घेऊन टोळ्या ऊसतोडीला निघतात. परत येतात ते मार्च-एप्रिलला.

दुपारी तीनच्या सुमाराला दोन पिकअप आल्या. मुकादमाने, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराने, माणसं आणली होती आणि भाडं एका उमेदवाराने भरलं होतं. रात्रभर उभ्याने प्रवास केलेली माणसं. एक मावशी मत देऊन आली आणि शाळेच्या पायरीवर लेकराला पाजायला बसली. तळहात उसाच्या पाचटाने चिरलेले, त्यातल्या एका बोटावर ती ओली शाई. तासाभरात मुकादमाने हाका मारल्या आणि गाडी परत गेली. त्या मावशीने कुणाला मत दिलं हे विचारायची गरजच नव्हती. जो उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो, त्यानेच गाडी केली होती.

आता पुढचं ऐका. नव्या ग्रामपंचायतीची पहिली सभा जानेवारी २०२३ मध्ये झाली, म्हणजे मुदत संपणार जानेवारी २०२८ ला आणि निवडणूक पुन्हा डिसेंबर २०२७ मध्ये. ती झाली की २०३२ चा डिसेंबर. पाच वर्षांचं चक्र एकदा हंगामात अडकलं की त्यातून सुटतच नाही. तारीख मुंबईत ठरते, आणि माझं अर्धं गाव उसाच्या फडावर असताना ठरते.

म्हणून विचारतो: ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, स्थानिक संस्थेला आपल्या निवडणुकीची तारीख बदलण्याचा अधिकार असावा की नसावा? माझं मत, असावा. तुमचं सांगा.

पेठेतला_वाडा | २३ डिसेंबर, रात्री १०.०५

लेख पोचला. मावशीचा प्रसंग वाचून गलबलून आलं. पण अधिकार? अजिबात नको. बैलगाडा शर्यतीत निशाण पंचाच्याच हातात असावं लागतं. गाडामालकाच्या हातात दिलं तर तो आपली बैलं दमात येईपर्यंत निशाण पाडणारच नाही.

सिडको_एन७ | २३ डिसेंबर, रात्री १०.३०

मी छत्रपती संभाजीनगरची. तारखा पुढे ढकलण्याची मुभा मिळाली की काय होतं, ते आमच्या शहराला विचारा.

आमच्या महापालिकेची मागची निवडणूक एप्रिल २०१५ ला झाली. मुदत एप्रिल २०२० ला संपली. तेव्हा कोविड होता, ते समजून घेतलं. मग प्रभागरचना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग पुन्हा प्रभागरचना. आता १५ जानेवारीला मतदान आहे, म्हणजे पावणेअकरा वर्षांनी. माझा धाकटा भाऊ २०१५ च्या जूनमध्ये अठरा वर्षांचा झाला. आज तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, एका मुलीचा बाप आहे, आणि त्याने आजवर नगरसेवकासाठी एकदाही मत दिलेलं नाही.

आमच्या गल्लीत २०२३ च्या पावसाळ्यात ड्रेनेज तुंबून पाणी तीन घरांत शिरलं. मी वॉर्ड ऑफिसला चार वेळा गेले. पहिल्यांदा अर्ज घेतला, दुसऱ्यांदा अर्ज सापडेना, तिसऱ्यांदा साहेब मीटिंगला, चौथ्यांदा ‘निधी नाही’. पूर्वी नगरसेवकाच्या दारात जाऊन आई नुसती उभी राहिली तरी माणूस चप्पल घालून बाहेर यायचा. तो काही फार चांगला माणूस नव्हता. पण पाच वर्षांनी पुन्हा आमच्या दारात यायचं आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. आता कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे. त्याला कुणाच्या दारात यायचं असतं?

तेव्हा दादा, तुमच्या मजुरांचं दुःख खरं आहे, पण तारीख बदलायचा अधिकार कुणालाही देऊ नका. ना गावाला, ना राज्याला.

तळकोकणी | २३ डिसेंबर, रात्री १०.५२

एन७ ताईंना +१००

आणि मुंबईचं? महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, ८ मार्चपासून प्रशासक. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका, आणि पावणेचार वर्षं झाली तरी सभागृहात एक नगरसेवक नाही. अंदाजपत्रकंही एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय झाली.

काळा_कोट | २४ डिसेंबर, सकाळी ८.१५

मी वकिली करतो, स्थानिक संस्थांचे खटले बरेच पाहिलेत. आधी कायद्यात काय आहे ते सांगतो.

राज्यघटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिका यांना पाच वर्षांची मुदत दिली. कलम २४३-ई पंचायतींसाठी, २४३-यू नगरपालिकांसाठी. शब्द फार नेमके आहेत: पहिल्या सभेपासून पाच वर्षं, ‘त्याहून अधिक नाही’. आणि निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे. ती घेण्याची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाची. यात ‘संस्थेची इच्छा’ कुठेच नाही, आणि ते मुद्दामच आहे. १९९२ च्या आधी राज्य सरकारं जिल्हा परिषदा, नगरपालिका वर्षानुवर्षं बरखास्त ठेवत, निवडणुका लांबवत. त्या अनुभवातून हे शब्द आले.

अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात (किशनसिंग तोमर, २००६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मतदारयादी, प्रभागरचना ही कारणं चालणार नाहीत. नैसर्गिक आपत्ती, दंगल अशा अपवादात्मक परिस्थितीतच विलंब समजून घेता येईल.

मग महाराष्ट्रात असं का झालं? ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या विकास गवळी प्रकरणातल्या निकालाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी आली: आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर नेऊ नका. आकडेवारी हातात नव्हती. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने एकमताने कायदा बदलला, प्रभागरचनेचं काम राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतलं आणि तारखा सरकारशी सल्लामसलत करून ठरतील असं म्हटलं. एकमताने, हे लक्षात ठेवा. मे २०२२ ला कोर्टाने दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा म्हटलं. जुलैत ओबीसींच्या आकडेवारीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला. ९२ नगरपरिषदांसाठी १८ ऑगस्ट २०२२ ही मतदानाची तारीख जाहीरही झाली, आणि आठवड्याभरात स्थगित झाली. त्यानंतर तीन वर्षं नुसत्या तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हटलं, तेही जमलं नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली. आत्ताच्या निवडणुका त्यामुळे होताहेत.

पेठेतला_वाडा | २४ डिसेंबर, सकाळी ८.४०

काळा कोट, इतकं सलग आजवर कुठे वाचलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

शाईचे_बोट | २४ डिसेंबर, सकाळी ९.२०

या महिन्याचीच गोष्ट बघा. २ डिसेंबरला २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचं मतदान ठरलेलं. दोन-तीन दिवस उरले असताना अंबरनाथ, बारामती, फलटण अशा काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं, कारण अर्जांच्या छाननीवरच्या अपिलांचे निकाल उशिरा लागले आणि उमेदवारांना माघारीसाठी कायद्याने द्यायचे दिवस मिळाले नव्हते. मग नागपूर खंडपीठाने सगळ्यांचीच मोजणी २१ ला एकत्र करा म्हटलं. ज्यांचं मतदान २ तारखेलाच झालं त्यांची यंत्रं एकोणीस दिवस स्ट्राँगरूममध्ये. माझा मेहुणा उमेदवार होता. एकोणीस रात्री त्याची मुलं पाळीपाळीने गोदामाबाहेर शाल पांघरून बसली होती. निवडून आला, पण वजन पाच किलो उतरलं. तारीख सरकली की काय होतं ते असं अंगावर येतं.

खाडीकाठची | २४ डिसेंबर, सकाळी ११.१०

मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला राहते. आमच्याकडे शहरं स्वतःच्या निवडणुकीची तारीख खरोखर बदलतात, म्हणून लिहावंसं वाटलं.

इथे पूर्वी बऱ्याच शहरांच्या निवडणुका विषम वर्षांत, एकट्याच व्हायच्या. मतदान अगदी थोडं. लॉस एंजेलिसला मार्च २०१७ च्या महापौर निवडणुकीत वीस टक्क्यांच्या आसपास लोक आले. म्हणजे घरमालक, निवृत्त लोक आणि पालिकेचे कर्मचारी शहर निवडणार, भाड्याने राहणारे, दोन पाळ्यांत काम करणारे घरी. म्हणून २०१५ ला राज्याने कायदाच केला: एखाद्या शहराच्या स्वतंत्र निवडणुकीतलं मतदान राज्याच्या निवडणुकीपेक्षा ठरावीक प्रमाणात कमी पडत असेल, तर तारीख राज्याच्या निवडणुकीला जोडा. लॉस एंजेलिसने त्याच वर्षी मतदारांना विचारून आपली सनद बदलली.

सॅन फ्रान्सिस्कोत महापौराची निवडणूक २०२३ ला व्हायची होती. नोव्हेंबर २०२२ ला लोकांनी मतदान करून ती २०२४ वर नेली, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर. २०१९ ला चाळीस टक्क्यांच्या आसपास मतदान झालं होतं, २०२४ ला सुमारे ७९ टक्के.

बालाघाटचा यांचा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो. तारीख म्हणजे नुसता कॅलेंडरवरचा चौकोन नाही. कोण मत देऊ शकेल आणि कोण नाही, हे ती ठरवते.

पेठेतला_वाडा | २४ डिसेंबर, सकाळी ११.३०

खाडीकाठची, पण मग सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांना एक वर्ष फुकटचं मिळालं ना? हेच तर आम्ही नको म्हणतोय.

खाडीकाठची | २४ डिसेंबर, दुपारी १२.०२

मिळालं, खरं आहे. त्या महापौरांचा स्वतःचा या बदलाला विरोध होता, पण वर्ष मिळालंच. लॉस एंजेलिसलाही २०१७ ला निवडून आलेल्यांना साडेपाच वर्षं मिळाली.

पण आमच्या सॅन होजेने उलटं केलं. जून २०२२ ला लोकांनी महापौराची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या वर्षात नेली, आणि २०२२ ला निवडून येणाऱ्या महापौराला चारऐवजी दोनच वर्षं दिली. २०२४ ला ते पुन्हा लोकांसमोर गेले. मला हा मार्ग जास्त स्वच्छ वाटतो. तारीख बदलायची हौस असेल तर आपली मुदत कमी करून बदला.

सिडको_एन७ | २४ डिसेंबर, दुपारी १२.२०

हे पटलं. कमी करून बदला. अशी अट असती तर आमच्याकडे कुणी तारखेला हातच लावला नसता.

सरेकर | २४ डिसेंबर, दुपारी ३.४५

इंग्लंडमधून. इथे याच वर्षी स्थानिक संस्थांनी स्वतः अर्ज करून निवडणुका पुढे ढकलून घेतल्या, त्यामुळे धागा वाचून लगेच लॉगिन केलं.

आमची सरे कौंटी कौन्सिल मे २०२१ ला निवडून आली, मुदत चार वर्षं. डिसेंबर २०२४ ला सरकारने स्थानिक संस्थांच्या फेररचनेची योजना आणली आणि विचारलं, ज्यांना मे २०२५ ची निवडणूक लांबवून हवी त्यांनी कळवा. अठरा ठिकाणांहून मागणी आली. ५ फेब्रुवारी २०२५ ला नऊ ठिकाणांना परवानगी मिळाली: सरे, एसेक्स, हॅम्पशायर, नॉरफोक, सफोक वगैरे. आता सरेचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे व्हायचेत, त्यांची निवडणूक मे २०२६ ला.

कारण तसं रास्त आहे. जी संस्था विसर्जित होणार, तिच्यासाठी निवडणुकीचा खर्च कशाला? पण माझ्या शेजारच्या आजी, वय ब्याऐंशी, १९६४ पासून एकही मतदान चुकवलेलं नाही. मे महिन्यात त्या मला म्हणाल्या, ‘मला कुणी विचारलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागणी करणारे सभासद तेच, ज्यांची खुर्ची वर्षाने वाढली. मनात खोट नसेलही, पण विचारणारा आणि लाभ घेणारा एकच असला की शंका राहतेच.

काळा_कोट | २४ डिसेंबर, दुपारी ४.३०

सरेकर, तुमच्या शेजीबाईंचा प्रश्न कोर्टात फ्रेम करून लावावा असा आहे.

मांडवीकाठ | २४ डिसेंबर, संध्याकाळी ६.१५

गोव्याचाही अनुभव नोंदवतो. आमच्या नगरपालिकांची मुदत २०२० मध्ये संपली, कोविडमुळे लांबली. २०२१ ला निवडणूक जाहीर झाली तेव्हा राज्य निवडणूक आयुक्त म्हणून सरकारचे कायदा सचिवच काम पाहत होते. १२ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सरकारच्या नोकरीत असलेला माणूस निवडणूक आयुक्त होऊ शकत नाही. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे, केपे यांचं आरक्षण नव्याने करावं लागलं, मतदान एप्रिलमध्ये झालं.

दुसरा अनुभव बालाघाटवाल्यांच्या कामाचा. २०२२ ला पंचायतींची मुदत जूनमध्ये संपत होती. सरकार म्हणालं पावसाळा आहे, पुढे ढकलू. उच्च न्यायालयाने ऐकलं नाही. १० ऑगस्ट २०२२ ला, भर श्रावणात, १८६ पंचायतींचं मतदान झालं आणि ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. आमच्या बूथवर शाळेच्या पडवीत छत्र्यांचा ढीग लागला होता. कुणाची छत्री कुणी नेली त्यावरून संध्याकाळपर्यंत फोन चालू! पण मतदान झालं. गोव्यातल्या ऑगस्टच्या पावसात जमतं तर पाऊस हे कारण होऊ शकत नाही.

तळकोकणी | २४ डिसेंबर, संध्याकाळी ७.००

मांडवीकाठ, थोडं थांबा. आमच्याकडे जुलैत वहाळाला पाणी आलं की वाडीचा संपर्क तुटतो. साकव, म्हणजे वहाळावरचा छोटा पूल, पाण्याखाली असतो. माझी आजी जुलैत बूथपर्यंत पोचू शकत नाही. त्यातून आमचे निम्मे मतदार मुंबईत. शिमगा आणि गणपती सोडले तर ते गावात नसतात. खरं सांगायचं तर आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक शिमग्याच्या आठवड्यात ठेवली तर घरटी माणूस मत देईल.

म्हणजे बीडला एक महिना योग्य, आमच्याकडे दुसरा, गोव्यात तिसरा. बालाघाटच्या दादांचं म्हणणं इथे मला पटायला लागलंय. राज्यभर एकच तारीख का?

वऱ्हाडी_ठेचा | २४ डिसेंबर, रात्री ८.१०

शिमग्याला मतदान ठेवलं तर बोटाची शाई कोणती आणि रंग कोणता, हे ओळखायला वेगळा अधिकारी नेमावा लागेल भाऊ :)

पण मुद्दा बरोबर. आमच्याकडे कापूस वेचणीत बाया दिवस मोडायला तयार नसतात, किलोवर मजुरी असते. मेळघाटातले लोक होळीला गावी येतात, एरवी कामाला बाहेर.

निवृत्त_ग्रामसेवक | २५ डिसेंबर, सकाळी ७.३०

एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, त्यातली अकरा ऊसतोडीच्या पट्ट्यात. निवडणुकीची कामं किती केली याची गणती नाही.

बालाघाटचा यांनी जे पाहिलं ते मी प्रत्येक हंगामात पाहिलंय. एक गोष्ट त्यात घालतो. पिकअप मतदाराला फुकट वाटते, पण फडावर दोन दिवस खाडा पडतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघांची मजुरी बुडते, आणि मुकादम ती उचलीतून कापतो. म्हणजे मत देण्याचे पैसे मजूरच भरतो, उमेदवाराचं नाव होतं.

पण गावाला तारीख बदलू द्या याला माझा विरोध आहे, तोही अनुभवाने. ग्रामपंचायतीत नऊ सभासद असले की पाच जण कशालाही ठराव करून देतात. सत्तेतल्या पॅनेलला माहीत असतं की मजूर वस्ती आपल्या विरोधात आहे. त्यांच्या हातात तारीख दिली तर ते डिसेंबरच निवडतील, दहापैकी दहा वेळा. ज्या मावशीसाठी तुम्ही अधिकार मागताय, तिच्याच विरोधात तो वापरला जाईल.

बालाघाटचा | २५ डिसेंबर, सकाळी ८.०५

काका, हा विचार मी केला नव्हता. आमच्या गावातली नावं डोळ्यासमोर आली आणि गप्प झालो. तुमचं बरोबर आहे, आमचं पॅनेल सत्तेत असतं तर आम्हीही डिसेंबरच निवडला असता.

पण मग मजुरांनी करायचं काय? पोस्टाने मत द्यायची सोय त्यांना नाही. डिसेंबर २०२२ च्या शेवटी केंद्रीय निवडणूक आयोगाने दूर राहूनच मत देता येईल अशा यंत्राची कल्पना मांडली होती, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. पक्षांना बोलावून दाखवायचंही ठरलं. पुढे काही झालं नाही, आणि ते होतं लोकसभा-विधानसभेसाठी. ग्रामपंचायतीच्या वॉर्डाला कोण विचारतो?

सह्यकन्या | २५ डिसेंबर, सकाळी १०.४०

दोन दिवस नुसती वाचतेय, आता राहवत नाही. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोय असं मला वाटतं. एक, निवडणूक मुदतीच्या पुढे नेणं. दुसरी, मुदतीच्या आत, कोणत्या महिन्यात घ्यायची ते ठरवणं. एन७ ताईंचा राग पहिल्या गोष्टीवर आहे, बालाघाट दादांची मागणी दुसऱ्या. पुढे नेण्याला ठाम नाही म्हणावं. पण आत कुठे घ्यायची, यात गावाचं ऐकलं तर कुणाचं नुकसान?

काळा_कोट | २५ डिसेंबर, दुपारी १.२०

सह्यकन्या यांनी गाठ सोडवली. त्यावरून मी आज पुन्हा कलम उघडून बसलो.

घटना म्हणते, निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पूर्ण करा. किती आधी, याची मर्यादा त्या कलमात नाही. लोकसभेसाठी वेगळा कायदा आहे, मुदत संपायच्या आधी सहा महिन्यांच्या आतच अधिसूचना निघते. तोच अंदाज धरला तरी चालेल. बालाघाट यांच्या गावाची मुदत जानेवारी २०२८ ला संपते. निवडणूक सप्टेंबर २०२७ मध्ये, दसऱ्याच्या आधी घ्या. टोळ्या गावातच असतील. नवे सभासद निवडून येतील, जुने आपली पाच वर्षं पूर्ण करतील, नव्यांची पहिली सभा जानेवारीत. मुदत एका दिवसाने वाढली नाही, एका दिवसाने घटली नाही, प्रशासक बसला नाही.

पावसाचं म्हणाल तर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं होतं, की जिथे पाऊस कमी तिथे निवडणुका घ्यायला हरकत नाही, कोकणासारख्या भागाचं वेगळं बघा. म्हणजे प्रदेश पाहून तारीख ठरवणं कोर्टालाही मान्य आहे. तळकोकणी यांच्या आजीची सोय त्यात आपोआप होते.

आणखी एक सावधगिरी. कुणी सुचवेल, सगळ्यांनी राजीनामे द्या, ग्रामपंचायत बरखास्त होऊ द्या, चक्र बदलेल. बदलणार नाही. मुदतीआधी विसर्जित झालेल्या पंचायतीच्या जागी येणारी नवी पंचायत उरलेल्या मुदतीपुरतीच असते. सॅन होजेचा मार्ग आपल्याकडे घटनेनेच बंद आहे.

पेठेतला_वाडा | २५ डिसेंबर, दुपारी १.४५

म्हणजे निशाण पंचाच्याच हातात, फक्त पंचाने मैदान बघून शर्यत ठेवायची. माझी याला हरकत नाही.

निवृत्त_ग्रामसेवक | २५ डिसेंबर, दुपारी ३.१०

वकीलसाहेबांचा तोडगा व्यवहारात बसतो का ते सांगतो. बसतो. आयोगाचा कार्यक्रम एकेका गावाचा नसतो, ठरावीक महिन्यांत मुदत संपणाऱ्या सगळ्या ग्रामपंचायतींचा मिळून लागतो. त्यामुळे एका गावाने लिहून उपयोग नाही. पण ऊसतोडीच्या तालुक्यांतल्या चाळीस-पन्नास गावांनी एकच ठराव केला आणि तो तहसीलदार, जिल्हाधिकारी यांच्यामार्फत आयोगाकडे गेला, तर त्याला वजन येतं.

आणि पुरावा मागितला तर तोही आहे. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र द्यायचं काम ग्रामसेवकांकडेच आलं होतं. किती माणसं, कोणत्या कारखान्याला, किती महिने, याची यादी दप्तरात असते. ती ठरावाला जोडा. मतदारयादीशी ताडून बघा, किती नावं डिसेंबरात गावाबाहेर असतात ते कागदावर दिसेल.

ठराव मात्र ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत करू नका. ग्रामसभेत करा. मासिक सभेत नऊ माणसं, ग्रामसभेत गाव.

सिडको_एन७ | २५ डिसेंबर, दुपारी ४.००

या अटीवर माझाही पाठिंबा. आधी घ्या, हवी तेवढी सोय बघा, पण मुदतीच्या पुढे एक दिवस नाही. दादा, हे ठरावाच्या कागदावरही लिहा. उद्या कुणी तुमचाच ठराव दाखवून ‘बघा, लोकांनाच तारीख बदलून हवी आहे’ म्हणत निवडणूक लांबवू नये.

सरेकर | २५ डिसेंबर, संध्याकाळी ५.२५

एन७ यांचं हे वाक्य तंतोतंत ठरावात घाला. आमच्याकडे असंच झालं, फेररचनेची सोय म्हणून सुरू झालं आणि आता २०२६ च्या निवडणुकांबद्दलही बऱ्याच कौन्सिलांना विचारणा सुरू आहे.

बालाघाटचा | २५ डिसेंबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मी अधिकार मागायला आलो होतो, आता तो मागत नाही. ठराव करायचा ठरवलंय.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे, तिथेच मांडतो. शेजारच्या चार गावांतल्या मित्रांशी आज बोललो, तेही तयार आहेत.

सह्यकन्या | २५ डिसेंबर, रात्री ९.३०

दादा, २६ जानेवारीला मजूर गावात असतील का?

बालाघाटचा | २५ डिसेंबर, रात्री ९.५०

नसतील. ताई, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ज्यांच्यासाठी ठराव, तेच सभेला नाहीत.

निवृत्त_ग्रामसेवक | २५ डिसेंबर, रात्री १०.०५

१ मेची ग्रामसभा धरा. तोवर सगळ्या टोळ्या परत आलेल्या असतात. महाराष्ट्र दिन आहे, झेंड्याला लोक येतातच. सभा सकाळी आठला ठेवा, दहानंतर ऊन सहन होत नाही. बायकांना पुढे बसवा आणि सह्या-अंगठे त्यांचे आधी घ्या. हजेरीची वही नवीन आणा, जुन्या वहीत कुणी मागची पानं घुसडू नयेत.

बालाघाटचा | २८ डिसेंबर, दुपारी २.२०

काल फडावर फोन केला होता. आमच्या वस्तीतली एक टोळी सध्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे. पहाटे चारला उठतात, त्यामुळे रात्री साडेआठलाच झोपलेले, दोनदा रिंग गेल्यावर उचलला. शाळेच्या पायरीवर बसलेली ती मावशी, तिचा मुलगा आता पाच वर्षांचा झालाय, तिथेच कोपीत, मजुरांच्या झोपडीत, असतो. तिला सगळं समजावून सांगितलं. तिने एकच विचारलं: ‘सप्टेंबरात असलं तर गाडी कुणाची लागंल?’

म्हटलं, गाडी लागणार नाही. शाळा घरापासून दोनशे पावलांवर आहे.

बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘एक मेला येते. वही कुठं असंल ते सांगून ठेव.’